अर्ध्या रंगाचं विमान

“अजून काही राहिलं असेल तर आठवून बघा,” गुरुजी म्हणाले.

कावळा शिवत नव्हता. कराडला कृष्णेच्या घाटावर आम्ही कुमुदच्या दहाव्याला जमलो होतो. ऊन चढलं होतं आणि पिंडाजवळचा भात वाळत चालला होता. समोरच्या झाडावर कावळे होते, पण खाली यायचं नाव घेत नव्हते.

मी तीनदा पुढं जाऊन हात जोडले होते. वैजूला काही कमी पडू देणार नाही, असं म्हणालो होतो. वैजू आमची एकुलती एक मुलगी, पुण्याला असते. ती मागंच डोळे पुसत उभी होती. मग म्हणालो, माझ्या गोळ्या वेळेवर घेईन. मग म्हणालो, तुझ्या कुंड्या वाळू देणार नाही. प्रत्येक वेळी सगळे वर बघायचे आणि कावळे नदीकडं बघायचे.

“तिची कसली इच्छा राहणार?” सांगलीची मावशी मागं कुणाला तरी सांगत होती. “सवाष्ण गेली. नवऱ्याच्या खांद्यावरनं गेली. सोनं झालं बाईचं.”

माझ्या डोक्यात तिडीक गेली. बायको अठ्ठावन्नाव्या वर्षी घशाच्या कॅन्सरनं गेली होती. शेवटी शेवटी चमचाभर पाणी गिळताना तिच्या डोळ्यांतून पाणी यायचं. त्यात ह्यांना सोनं कुठं दिसलं? मागं वळून विचारणार होतो, पण वैजूनं माझा दंड धरला.

“बाबा, नको.”

गुरुजींनी दर्भाची जुडी उचलली. कावळा येत नसला की दर्भाचा करतात आणि तोच लावून मोकळे होतात. तेवढ्यात घाटाच्या पायऱ्यांवर चपलांचा फटफट आवाज आला. जयवंत धावत खाली येत होता. कुमुदचा धाकटा भाऊ. इचलकरंजीहून यायला दोन तास लागतात; तो बहिणीच्या मातीलाही पोचला नव्हता.

माझ्याकडं न बघता तो सरळ पिंडासमोर जाऊन उभा राहिला. चपला काढायचं त्याला मग सुचलं. त्या हातात घेऊनच त्यानं हात जोडले.

“आक्के,” तो मोठ्यानं म्हणाला, “तुझं विमान मी पुरं करतो. रंग राहिलाय तेवढा मी देतो. शब्द देतो तुला.”

फडफड झाली. एक कावळा आला, भातात चोच घातली आणि घास घेऊन उडाला. मागोमाग बाकीचे आले.

“शिवला! शिवला!” सगळ्यांनी हात जोडले. मावशी रडायला लागली. “भावासाठी अडली होती गं माझी बाई!”

मी हात जोडले नाहीत. चौतीस वर्षं जिच्याबरोबर संसार केला तिच्यासमोर मी तीनदा बोललो, ते कुणी ऐकलं नाही. आणि ह्याचा शब्द घेतला! जयवंताचा शब्द आजवर माणसानं कधी खरा धरला नव्हता, तो कावळ्यानं धरला.

*

जयवंताला मी वाईट माणूस म्हणत नाही. बोलका, हसरा, सगळ्यांना हवाहवासा. पण त्याचा एक शब्द मला माहीत होता, ‘येतो’. वैजूच्या बारशाला येतो, दिवाळीला येतो, गिरणीचं नवं जातं बसवायला येतो. माझी पिठाची गिरणी आहे, आणि तो यंत्रमाग दुरुस्त करणारा; त्याच्या हाताला यंत्राची सवय होती. यायचा मात्र नाही.

कुमुद हसून सोडून द्यायची. दवाखान्यात मात्र तिनं सोडलं नाही. तिचा आवाज गेला होता. चित्रकलेची बाई, वर्गात चाळीस मुलींना एका हाकेत गप्प करणारी, ती पाटीवर लिहून मागायची. पाणी. उशी. वैजू जेवली का. आणि रोज संध्याकाळी लिहायची, ‘जया कधी?’

मग मी फोन लावायचो आणि तिच्या कानाला धरायचो.

“आक्के, येतो बघ रविवारी,” तिकडून आवाज यायचा. “नक्की. तू खडखडीत बरी होतीस का नाही बघ.”

ती नुसती मान हलवायची. फोनवर मान हललेली कुणाला दिसते?

रविवार आला की ती पाटीवर लिहायची, ‘खाट फिरवा’. मी आणि वॉर्डबॉय मिळून तिची खाट दाराच्या बाजूला फिरवायचो. असे रविवार येत राहिले आणि जात राहिले. मग ती गेली.

आता हा माणूस दहाव्याला येऊन म्हणतो, विमान पुरं करतो.

*

घरी आल्यावर त्यानं पिशवी कोपऱ्यात ठेवली आणि विचारलं, “दाजी, विमान कुठाय?”

“जेवून घे,” मी म्हणालो. “तुझी पाच वाजताची गाडी आहे.”

“मी आज जात नाही.”

“बरोबर. जिथं जायचं तिथं तू कधी जात नाहीसच.”

वैजू ताट वाढत होती. ती थांबली. जयवंत खाली बघून म्हणाला, “मारा टोमणे. घेतो मी. पण विमान दाखवा.”

विमान खिडकीजवळच्या तिच्या टेबलावर होतं, रुमालाखाली. मी रुमाल काढला.

ते वीतभर लांबीचं प्लास्टिकचं मॉडेल होतं. किट वैजूनं पुण्याहून आणून दिलं होतं. नॅट नावाचं लहानसं लढाऊ विमान, पासष्टच्या लढाईतलं. कुमुदचे वडील, अण्णा, हवाई दलात फिटर होते आणि ह्या विमानांवर काम करायचे. कुमुदनं आजारपणाचं वर्ष त्यावर घालवलं. भुवया कोरायच्या चिमट्यानं तुकडे उचलायची, नखं घासायच्या कानसीनं सांधे घासायची. रंगवलं मात्र अर्धंच. सगळ्या विमानाला आधी तिनं चंदेरी रंग दिला, असा की त्यात खिडकी दिसावी. मग उजव्या बाजूवर हिरवा आणि मातकट. तो रंग मात्र खडबडीत होता. ब्रशचे फराटे तसेच, कुठं जाड, कुठं पातळ. डावी बाजू चंदेरीच. शेवटी तिनं दोन्ही पंखांवर तिरंगी गोल काढले, आणि विमान टेबलावर ठेवून रुमाल टाकला. त्यानंतर आठवड्याभरात ती दवाखान्यात गेली.

जयवंत वाकून बघत राहिला. त्यानं बोट पुढं केलं.

“हात लावायचा नाही,” मी म्हणालो.

“अहो, बघतोय नुसतं.”

“बघ. पण हात लावायचा नाही. आणि रंगबिंग द्यायचा नाही. हे असंच राहणार.”

“असं कसं राहणार? मी शब्द दिलाय. कावळा शिवलाय, सगळ्यांनी बघितलं.”

“शब्द तू दिलास. विमान माझ्या घरात आहे.”

“दाजी, ती अडकेल ओ.”

“दवाखान्यात अडकली होती तेव्हा कुठं होतास?”

मी रुमाल परत टाकला. मग तेवढ्यानं भागेना, म्हणून विमान उचलून कपाटात ठेवलं आणि किल्ली सदऱ्याच्या खिशात टाकली. तिचा हात शेवटचा कुठं फिरला असेल तर त्या विमानावर. घरातली भांडी सगळ्यांनी हाताळली होती. तिच्या साड्या वैजूनं आणि मावशीनं वाटून टाकल्या होत्या. तिचा वास येणारी उशीसुद्धा कुणीतरी उन्हात टाकली. माझ्याकडं तेवढं एकच उरलं होतं, आणि त्यावर हा हिरवा रंग फासणार!

तेराव्यापर्यंत तो राहिला. पाणी भरायचा, लोकांना चहा द्यायचा, मावशीला हसवायचा. मी बोललो तर वाकडंच बोललो.

“बाबा, देऊ दे ना मामाला रंग,” वैजू स्वयंपाकघरात हळूच म्हणाली. “आईलाही बरंच वाटलं असतं.”

“आईला काय वाटलं असतं ते मला शिकवू नकोस.”

“तुम्हाला मामाचा राग आहे की आईचा?”

“म्हणजे?”

“काही नाही,” ती म्हणाली. “मी उद्या जाते. मग तुम्ही दोघं मोठ्यानं भांडा.”

*

वैजू गेली. जयवंत गेला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी गिरणीवरून निरोप आला. बंद गिरणीसमोर लोक डबे लावून गेले होते. मी जुना सदरा अंगात घालून गेलो. पट्टा सैल झाला होता, तो ताणला, दोन डबे दळले. जिवाला बरं वाटलं. जात्याच्या आवाजात कुणी सांत्वन करायला येत नाही. जेवायच्या वेळेला परत निघालो.

जिन्यातच वास आला. गाड्यांच्या गॅरेजात येतो तसा, डोक्यात जाणारा. मी सदऱ्याच्या खिशाला हात लावला. किल्ली दुसऱ्या सदऱ्यात होती आणि तो खुंटीला होता.

दार लोटून आत गेलो. टेबलावर वर्तमानपत्र पसरलेलं. गाड्यांना ठिगळ मारायला मिळतो तसला फवाऱ्याचा डबा. विमानाच्या पोटाला कागद गुंडाळून वर चिकटपट्टी लावलेली. आणि डावा पंख हिरवा. चकचकीत हिरवा, नव्या रिक्षासारखा.

जयवंत हातात डबा धरून उभा होता. तो पंखाकडं बघत होता. म्हणून मीही बघितलं.

रंग हलत होता. खालचा कुमुदचा चंदेरी रंग वरच्या रंगानं उचलून धरला होता आणि तापल्या दुधावरच्या सायीसारखा आवळत, सुरकुतत चालला होता. तिनं काढलेला तिरंगी गोल आमच्या डोळ्यांसमोर आक्रसला आणि फाटला.

मी त्याच्या थोबाडीत मारली.

पन्नाशी उलटलेला माणूस. गाल धरून उभा राहिला. मी दुसरीही मारली. त्यानं हात वर केला नाही.

“चोर! भाडखाऊ! जिवंतपणी तिच्या दारात फिरकला नाहीस आणि मेल्यावर तिचं घर फोडतोस?”

“मारा,” तो म्हणाला. “पण त्याला रंग पुरा द्यायचाच होता, दाजी. तुम्हाला ठाऊक नाही.”

“काय ठाऊक नाही मला?”

“अण्णांचं विमान होतं ते.”

“ते मला सांगू नकोस. चौतीस वर्षं ऐकतोय, अण्णांचं विमान, अण्णांचं विमान.”

“अर्ध्यावर गेलं हे ऐकलंय?”

त्यानं डबा खाली ठेवला.

“लढाई लागली तेव्हा विमानं सगळी चंदेरी होती,” तो म्हणाला. “उन्हात आरशासारखी. वरनं हुकूम आला, लपतील असा रंग द्या, हिरवा, मातकट. फवारायचं यंत्र पुरेना. मग ज्याच्या हाताला जो ब्रश लागला तो घेऊन माणसं शिड्यांवर चढली. दारं-खिडक्या रंगवायचे ब्रश, दाजी. अण्णा ह्या विमानावर. उजवीकडनं सुरुवात केली. उजवी बाजू झाली, शिडी डावीकडं आणून लावली, आणि भोंगा झाला.”

“मग?”

“पायलट पळत आला. अण्णा म्हणाले, साहेब, अर्धंच झालंय. तो म्हणाला, आल्यावर कर बाकीचं. अण्णा शिडीवरनं उडी मारून बाजूला झाले. विमान गेलं.” जयवंतनं नाक पुसलं. “ते आलंच नाही.”

खाली रस्त्यावर भंगारवाला ओरडत गेला. 

“डावा पंख उन्हात चमकला म्हणून वरनं दिसलं, असं अण्णांच्या डोक्यात बसलं. कुणी सांगितलं नव्हतं त्यांना. कशानं पडलं कुणाला ठाऊक? पण मरेपर्यंत हेच. डावीकडनं सुरुवात केली असती तर? मी एकदा म्हणलं, अण्णा, मग उजवा चमकला असता. त्यांनी ताट भिरकावलं. विमान गेलं त्या दिवशी ते हिरवे हात घेऊन घरी आले होते. आक्का नऊ वर्षांची, तिनं रॉकेलनं त्यांचे हात धुतले. मला काही आठवत नाही, मी पाच वर्षांचा. पण नंतर मी त्यांना म्हणायचो, अण्णा, मी मोठा झालो की बाकीचं रंगवतो. त्याला तेवढे ते हसायचे.”

“हे तिनं मला कधी सांगितलं नाही.”

“घरात बोलायचं नाही असं ठरलं होतं. आईनं ठरवलं होतं. मी काय म्हणतोय, दाजी, आक्का तेच पुरं करत होती. अण्णांचं राहिलेलं. अर्ध्यात हात थांबला तिचा. फोटो पाठवला होता तिनं मला मोबाइलवर. तो बघूनच मी समजलो.”

“फोटो? कधी?”

“दवाखान्यात गेली त्याच्या आदल्या दिवशी.”

“खाली काय लिहिलं होतं?”

“काही नाही. नुसता फोटो.”

मी खुर्चीत बसलो. राग होताच, पण त्याच्याखाली काहीतरी टोचायला लागलं.

“जया,” मी म्हणालो, “तुझी बहीण अपुरं चित्र कुणाला दाखवायची?”

“अं?”

“लहानपणी. दाखवायची?”

“छे! वहीवर आडवी पडायची. पुरं झाल्याशिवाय आईलासुद्धा नाही.”

“मलाही नाही. वैजूलाही नाही. मग अपुऱ्या विमानाचा फोटो तिनं कसा पाठवला?”

तो विमानाकडं वळला.

“आणि हा खडबडीत हिरवा,” मी उजव्या बाजूकडं बोट केलं. “मला वाटलं, औषधांनी हात कापतोय. पण गोल तिनं ह्याच्यानंतर काढले. मीच रंगाची बशी धरली होती. केसाएवढीसुद्धा रेघ हलली नव्हती.”

“दाजी, थिनर कुठाय?” जयवंत एकदम म्हणाला. त्याचा आवाज बदलला होता. “पंख अजून ओला आहे. कापूस द्या.”

कापूस तिच्या बिस्किटाच्या डब्यात असायचा, ब्रशांबरोबर. मी डबा उघडला. ब्रश वर होते. खाली कापसाचा मोठा गोळा होता, आणि तो हाताला जड लागला.

मी तो सोडवला. आत लाकडाचा एक चपटा ठोकळा होता, तळहाताहून मोठा. त्यावर तिनं वाळकं गवत चिकटवलं होतं. विमानाची तीन चाकं बसतील अशा तीन खाचा कोरल्या होत्या. त्यांच्या डावीकडं, गवतात, पेन्सिलीमागच्या खोडरबराएवढा रंगाचा डबा आडवा चिकटवला होता आणि त्यातून हिरवा रंग सांडून गवतात पसरला होता. शेजारी एक लहानसा ब्रश पडलेला, दोन-चार केसांचा. आणि कापसाच्या घडीत काड्यापेटीच्या काड्यांची केलेली एक शिडी. तिची जागा गवतात आधीच दाबून ठेवली होती. उभी नव्हे. आडवी.

मी शिडी त्या जागेवर ठेवली. बरोबर बसली.

“पडलेली आहे,” जयवंत म्हणाला.

“हं.”

“अण्णांनी उडी मारली तेव्हा पडली असणार.” त्यानं तोंडावर हात ठेवला. “आक्का पुरं करत नव्हती ओ. होतं तसं करत होती.”

“झालं होतं तिचं करून. तुला दाखवलं होतं.”

तो खाली बसला, फरशीवर. मी थिनर घेतलं, कापूस भिजवला आणि पंखावर फिरवला. हिरवा निघाला. त्याबरोबर चंदेरी निघाला. गोलाचा उरलेला तुकडा कापसाला चिकटून आला. खाली राखाडी प्लास्टिक उघडं पडलं, तिचा हात लागण्याआधी दुकानातल्या खोक्यात होतं तसं.

माझ्या हातात तो कापूस होता. हिरवा, चंदेरी, थोडा केशरी.

“मी परत चंदेरी देतो,” जयवंत रडत म्हणाला. “ब्रशनं देतो. सावकाश. आणि शिडी चिकटवतो. दाजी, देऊ द्या.”

“तू हात लावायचा नाहीस.”

“मग माझा शब्द?”

“तुझा शब्द गेला खड्ड्यात! पुरं झालेलं विमान तू अपुरं केलंस. तिला बोलता येत नव्हतं, म्हणून हे सगळं करून ठेवलं तिनं. तू आला असतास तर तुझ्या हातानं शिडी ठेवून घेतली असती. त्यासाठी खाट फिरवून घ्यायची ती, दाराकडं. ज्या दिवशी गेली त्या दिवशीसुद्धा.”

“मला बघवलं नसतं ओ, दाजी.”

“मला बघवत होतं?”

मी इतक्या मोठ्यानं ओरडलो की खालच्या मजल्यावरचं दार उघडलं.

तो उठला, वर्तमानपत्र गोळा केलं, फवाऱ्याचा डबा पिशवीत टाकला. दारात जाऊन चपला घातल्या.

“येतो,” म्हणाला.

“नको येऊस,” मी म्हणालो आणि दार लावलं.

मग मी त्या टेबलाजवळ बसून तिला शिव्या दिल्या. हे मी कुणाला सांगितलेलं नाही. पाटी होती हातात, पेन्सिल होती. पाणी लिहिता आलं, उशी लिहिता आली. ‘पुरं झालंय, हात लावू नका’ एवढं लिहायला काय झालं होतं? चौतीस वर्षांत माझ्याशी तुझ्या बापाच्या हिरव्या हातांबद्दल एकदा बोलायला काय झालं होतं?

वैजू बरोबर म्हणाली होती. राग एकट्या जयवंताचा नव्हता.

*

वर्षश्राद्धाला मी त्याला बोलावलं नाही. सकाळी दार उघडलं तर तो जिन्यात बसलेला. हातात चंदेरी रंगाची लहान बाटली आणि चांगला, बारीक ब्रश.

“आलोय,” म्हणाला.

मी आत वळलो. दार उघडंच ठेवलं.

जेवण झाल्यावर त्यानं विचारलं, “दाजी, देऊ का?”

विमान ठोकळ्यावर ठेवलेलं होतं, काचेच्या पेटीत. उजवा पंख हिरवा, डावा राखाडी, उघडा. शिडी आडवी.

“नको,” मी म्हणालो.

त्यानं बाटली पिशवीत ठेवली. पेटीची काच पुसली, मला विचारून. मग गेला.

ह्याला आठ वर्षं झाली. त्यानं एकही वर्ष चुकवलं नाही. एकदा पूर आला होता, हमरस्ता बंद होता, तेव्हा कुठून कुठून वळसा घालून दुपारी चिखलानं भरून आला. माझ्या मोतीबिंदूच्या वेळीही आला, न सांगता, आणि चार दिवस माझ्या डोळ्यांत औषध घालत राहिला. आम्ही फारसं बोलत नाही. मी त्याला माफ केलेलं नाही, आणि तोही तसं मागत नाही.

ह्या वर्षी वैजू चिडली.

“बाबा, आता पुरे झालं. किती वर्षं शिक्षा देणार आहात मामाला? एका पंखाचा तर रंग आहे.”

“रंग दिला की तो परत यायचा नाही,” मी म्हणालो. “ओळखतो मी त्याला.”

“म्हणजे तुम्हाला तो यायला हवाय?”

“मला नकोय,” मी म्हणालो. “तिला हवा होता.”

संध्याकाळी जयवंतनं पेटीची काच पुसली. चष्मा वर सरकवून शिडी जागेवर आहे का ते बघितलं. मग पिशवीतून बाटली काढली. तीच, पहिल्या वर्षीची.

“दाजी, देऊ का?”

“पुढच्या वर्षी बघू.”

त्यानं मान हलवली आणि बाटली परत ठेवली. आतला रंग केव्हाच वाळून खडा झाला असणार. ठेवताना आतून खडखड आवाज येतो. तो झाकण उघडून बघत नाही. मीही त्याला सांगत नाही.